शेवटच्या गठ्ठ्यातल्या चुका

विम्याच्या ऑफिसात माणूस येतो तो आपल्यामागे घरच्यांचं काय होईल या काळजीनं. त्यामुळे तिथे हसण्यासारखं काही घडत असेल असं बाहेरच्यांना वाटतच नाही. पण काही माणसांना एका खोलीत वर्षभर कोंडा, त्यांना कंटाळवाणं काम द्या आणि चहा तेवढा वेळेवर पाठवा. किस्से आपोआप साचत जातात, माळ्यावरच्या रिकाम्या बरण्यांसारखे! टाकवत नाहीत, आणि पाहुणा आला की एक तरी खाली काढावीच लागते.

आम्ही सगळे आता रिटायर झालो. वर्षातून एकदा डुमसला समुद्रावर जमतो, टोमॅटोची भजी खातो, कुणाचं काय दुखतं ते एकमेकांना सांगतो. मग पुष्पाबेन कपाळाला हात लावून म्हणते, "आ दुखवानी वातो बंद करो नी! गोरेबेन, तू आपली खोलीनी वात कर!"

गोरेबेन म्हणजे मी. मूळची नाशिकची. नवऱ्याची बँकेतली बदली सुरतला झाली, म्हणून मीही विम्याच्या नोकरीत बदली मागून सुरतला आले आणि नाशिकची गोरेबाई पहिल्याच दिवशी गोरेबेन झाले.

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले. नारळ फुटला, मॉनिटरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, निघाला, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत जायचं नाही असा हुकूम निघाला. जुन्या पॉलिसींची सगळी माहिती कंत्राटी मुलांनी कॉम्प्युटरमध्ये भरली. आता ती बरोबर भरली आहे की नाही हे कोण बघणार? आम्ही!

मागच्या बाजूची एक खोली त्यासाठी दिली. काम जोडीनं करायचं. एकानं मूळ फॉर्म हातात घेऊन मोठ्यानं वाचायचं, नाव, वय, पत्ता, नॉमिनी, नॉमिनीचं नातं. दुसऱ्यानं समोरच्या लांबलचक प्रिंटआउटवर नजर ठेवायची. बरोबर असेल तर टिक, चूक असेल तर लाल गोल. याला आम्ही कॉलिंग म्हणायचो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खोलीत शाळेत पाढे चालल्यासारखा गजर चालायचा.

*

माझी जोडीदार पुष्पाबेन. बारडोलीकडची, उसाच्या शेतीवाली, मनानं लोणी आणि तोंडानं अस्सल सुरती. तिची शिवी म्हणजे आशीर्वाद समजायचा. ज्याला ती शिवी देत नाही त्यानं आपलं काय चुकलं याचा विचार करायचा!

सगळ्यांच्या वर आमचे वसावडासाहेब. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला कायम हिरवी पेन्सिल. अचूकपणा हाच त्यांचा देव. रजेच्या अर्जात स्वल्पविराम चुकला तरी अर्ज परत यायचा. "थोडंसं बरोबर असं जगात काही नसतं," ते म्हणायचे. "बरोबर असतं, नाहीतर चूक असते."

हे कॉलिंग आमच्या अंगात असं भिनलं की विचारू नका. मी भाजीवाल्यासमोर पिशवी धरून टोमॅटो, टिक, मेथी, टिक असं पुटपुटायला लागले. पुष्पाबेननं तर कहरच केला. तिच्या घरी सत्यनारायण होता. आम्ही सगळे गेलो होतो. महाराज संकल्प सोडत होते. नवऱ्याचं नाव घेतलं. पुष्पाबेन डोळे मिटून म्हणाली, "टिक." तिचं नाव घेतलं. "टिक." मग महाराजांनी गोत्र म्हटलं.

"गोल!" पुष्पाबेन ओरडली.

महाराज दचकले. पळी हातातच राहिली.

"गोत्र खोटुं छे, महाराज," पुष्पाबेन डोळे न उघडता म्हणाली, "ओरिजिनल जुओ!"

*

दुसऱ्या टेबलावर खैरनार आणि हेतल.

खैरनार शिरपूरकडचा. लाजाळू, सरळ, केसाला चापून तेल. वडील लहानपणीच गेलेले, गावी आई एकटी. म्हणून त्यानं कधीचा धुळ्याला बदलीसाठी अर्ज केला होता. आमचं काम सुरू झालं आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याची ऑर्डर आली. खाली साहेबांचा शेरा होता, डेटाचं काम संपताच सोडावे. खैरनारनं सगळ्यांना पेढे वाटले. काम संपलं की घरी! मग काय, तो असा वाचायला लागला की आम्हाला शब्द ऐकूच येईनात. दोन पानं वाचून तो तिसऱ्यावर गेलेला असायचा.

हेतल नुकतीच लागली होती. सुरतच्याच बेगमपुऱ्यातली. बोलणं कमी, नजर मात्र अशी की तिच्यापुढून माशी चुकीच्या जागी बसून निसटणार नाही. एवढ्या वेगानं वाचणाऱ्या माणसालाही ती मान न उचलता थांबवायची, "पाछुं वांचो." म्हणजे पुन्हा वाचा.

आणि पहिल्या काही आठवड्यांतच या जोडीनं एक मोठा घोटाळा पकडला. सुरतच्या उधना, पांडेसरा, लिंबायत भागात कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी कामगारांच्या पॉलिसी होत्या. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे. पानामागून पान उलटावं, आणि जन्मतारीख एक जून! एक जून! पुन्हा एक जून!

साहेबांची खात्रीच पटली की कॉम्प्युटरवाल्या पोरानं आळस करून खाली खाली एकच तारीख भरली. पण मूळ फॉर्म काढले तर तिथेही तेच.

"खैरनार, आ शुं छे?" साहेब म्हणाले. "आखुं खानदेश पहेली जूने जन्म्युं?"

खैरनार उभा राहिला. "साहेब, शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख विचारतात. आईबाप म्हणतात, तुम्हीच टाका काहीतरी. शाळा उघडते जूनमध्ये. गुरुजी टाकतात एक जून."

"आणि तुझी?"

"एक जून, साहेब."

साहेब खाली बसले. फॉर्मशी प्रिंटआउट जुळत होता, म्हणजे टिक. पण फॉर्मच खोटा होता, म्हणजे गोल. एवढ्या वर्षांत त्यांच्या धर्मावर असा प्रसंग आला नव्हता. हिरवी पेन्सिल ओठावर आपटून ते म्हणाले, "टिक करा. पण पेन्सिलनं!"

सगळे हसले, आपापल्या जागी गेले. थोड्या वेळानं हेतलनं खैरनारला विचारलं, "तो साची तारीख कई?"

आम्ही सगळे त्याच्या तारखेला हसलो होतो. खरी कोणती हे विचारायचं त्या एका पोरीलाच सुचलं. खैरनारनं गावी गेल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी बैल चरायला सोडले तेव्हा. हेतलनं कुणाकडून तरी जुनं पंचांग मिळवलं आणि त्या वर्षीची तारीख काढली. पुढे श्रावण संपून पोळा गेल्यावर एका सकाळी खैरनारच्या टेबलावर नानखटाईचा डबा होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा खरा वाढदिवस साजरा करत होतं, आणि तो आज आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

*

नॉमिनीच्या रकान्यात तर रोज एक नाटक. एका कामगाराच्या जुन्या पॉलिसीत पत्नीचं नाव मंगल, आणि नव्या पॉलिसीत सुरेखा. पुष्पाबेननं लाल पेन खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"आ मुओ बे बायडी राखे छे!"

मी म्हटलं, अगं, दोन बायका कुठल्या, आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पण तिला ते पटेना. जिवंत माणसाचं नावच बदलायचं? गाईचं नाही बदलत कुणी! शेवटी त्या कामगाराला बोलावणं धाडलं. तो लिंबायतहून बायकोला घेऊनच आला. बायको काउंटरला टेकून ठसक्यात म्हणाली, "माहेरले मी मंगल, सासरले सुरेखा. दोन्ही मीच शे!"

पुष्पाबेन तरी सोडते होय? तिनं नवऱ्याकडे बोट रोखलं. "तुम इसको घर में किस नाम से बुलाता है? वही लिखेंगे."

तो बिचारा भराभरा घाम पुसायला लागला. "मी? मी त 'आयकं का' म्हनस."

पुष्पाबेन माझ्याकडे वळली. "लखो गोरेबेन. नॉमिनी, आयकं का. संबंध, पत्नी!"

*

त्याच दुपारी डबा खाता खाता पुष्पाबेनच्या डोक्यात प्रकाश पडला. "आपणो खैरनार हेतलने शुं कहीने बोलावे छे?"

तो तिला काय म्हणून हाक मारतो, ते मी आठवून बघितलं. आमच्या ऑफिसात झाडूवालीपासून ऑफिसरबाईंपर्यंत प्रत्येक बाईच्या नावापुढे बेन, म्हणजे बहीण. खैरनारही गुजरातेत राहून शिकला होता. पुष्पाबेन, गोरेबेन, कँटीनमधली शांताबेन. पण हेतलला तो 'जरा', 'ते हे', 'पुढचं पान' याच्यापलीकडे कशानंच हाक मारायचा नाही! आम्ही परीक्षा घेतली. हेतल कँटीनमध्ये असताना त्याला पिटाळलं, हेतलला बोलावून आण. हा तिथे जाऊन उभा राहिला आणि खोकत बसला. शांताबेननं दया येऊन त्याला आल्याचा चहा दिला.

आणि मग राखीपौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडे ऑफिसातल्या सगळ्या बायका सगळ्या पुरुषांना राखी बांधायच्या. साहेबांचा हात तर कोपरापर्यंत भरायचा. खैरनारचा सकाळीच निरोप आला, ताप आहे.

साहेब म्हणाले, "या मुलाचं आजारपण पंचांग बघून येतं!"

आम्ही पोट धरून हसलो. पण पुष्पाबेन हसता हसता हेतलच्या टेबलापाशी गेली आणि तिच्या राख्यांच्या पिशवीत डोकावली. ऑफिसात जेवढे पुरुष तेवढ्या राख्या हेतलनं आदल्याच दिवशी आणल्या होत्या. तेव्हा खैरनारला ताप येणार हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

राख्यांत एक कमी होती.

*

यानंतर साहेबांच्या भिंतीवरच्या तक्त्यात चमत्कार दिसू लागला. कोणत्या जोडीनं किती काम उरकलं हे त्या तक्त्यावर रोज लिहायचे. जी जोडी कायम सगळ्यात वर, ती घसरत घसरत सगळ्यात खाली आली. खैरनार आता असा वाचायचा की जणू एकेक अक्षराचा त्याला लळा लागलाय. हेतलही 'पाछुं वांचो' जरा जास्तच म्हणायला लागली होती.

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "खैरनार, तब्येत ठीक छे?"

"हो साहेब. फॉर्मवरचं अक्षर लागत नाही."

साहेबांनी वाकून बघितलं. फॉर्म टाइप केलेला होता.

*

एक किस्सा मधेच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही खैरनारवरच डोळा ठेवून बसलो होतो. नगीनभाई नावाचे एक जुने एजंट होते. त्यांच्या ग्राहकांचे फॉर्म तपासताना मी वाचत होते आणि वाचता वाचता मला गुंगी यायला लागली. प्रत्येकाची उंची तीच, वजन तेच, आणि ओळखीची खूण, डाव्या गालावर तीळ! सचिन गावचा कारखानदार असो की कडोदऱ्याचा दुकानदार, डाव्या गालावर तीळ!

साहेबांनी नगीनभाईंना बोलावलं. ते आले, हसत बसले. त्यांच्या डाव्या गालावर टपोरा तीळ होता.

"नगीनभाई, तुम्ही ग्राहकाकडे न बघता फॉर्म भरता?"

"ना साहेब," नगीनभाई दुखावल्यासारखे म्हणाले. "ग्राहकला आपला माणूस समजून भरतो!"

*

आणि ते होतं प्लेगचं वर्ष. पावसाळा सरता सरता सुरतेत साथ आली. शहर बघता बघता रिकामं झालं. माणसं मिळेल त्या ट्रकनं, मिळेल त्या गाडीनं, टपावर बसून पळाली. मी मुलांना नाशिकला धाडलं आणि त्या रात्री रिकाम्या पलंगाकडे बघून खूप रडले. नवऱ्याची बँक चालू होती, म्हणून मी राहिले.

खैरनारच्या आईचा शेजाऱ्यांकडून फोन आला, असशील तसा निघ. साहेबांनी त्याला लगेच सोडलं. आम्ही त्याला जेवण बांधून दिलं, जपून जा म्हटलं. हेतलच्या घरचे मात्र कुठेच जाणार नव्हते. तिचे आजोबा अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांना हलवणं शक्य नव्हतं. ती तोंडाला ओढणी बांधून रोज ऑफिसला येत होती.

दुसऱ्या दिवशी मी आले तर तिच्या समोरच्या खुर्चीत खैरनार! तोंडाला रुमाल बांधून वाचायला बसलेला. रुमालातून काय वाचतोय ते कुणाला कळत नव्हतं, पण ती टिक करत होती.

साहेब दारात थांबले. "तू गेला होतास ना शिरपूरला?"

"स्टेशनपर्यंत गेलो होतो साहेब," रुमालातून आवाज आला. "गाडीला गर्दी होती."

साहेबांनी मान हलवली. "हां. काही माणसं निघाली होती खरी."

त्या दिवसांत आम्ही मूठभर माणसं त्या खोलीत बसायचो. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. पण आत कॉलिंगचा आवाज चालू असायचा, आणि तो आवाज ऐकला की वाटायचं, चला, सगळं संपलेलं नाही. मी ते ऑफिस कधी विसरू शकले नाही त्याचं खरं कारण हे.

*

माणसं परत आली. दिवाळी झाली. थंडी पडली, तापीच्या काठी पोंकाचे, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याचे, स्टॉल लागले, आणि आमचं काम संपत आलं.

तशात पुष्पाबेन बातमी घेऊन आली. हेतलला नवसारीचा एक मुलगा बघून गेला. मुलाकडून होकार आहे. हेतल हो-ना काहीच बोलत नाही, म्हणून घरचे म्हणतात की होळीनंतर पक्कं करून टाकू.

मी खैरनारला जिन्यात गाठलं. तो सगळ्यांसमोर मला गोरेबेन म्हणायचा, एकटी असले की ताई.

"अरे, गठ्ठे संपले की तुला साहेब सोडतील. मग काय धुळ्याहून ओरडून सांगणार आहेस का तिला?"

खैरनार पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. "ताई, आई अहिराणीशिवाय बोलत नाही. यांच्या घरी कांदासुद्धा चालत नाही. अशा घरात ती येईल का?"

"ते तिला विचार ना!"

"वर्षभर तिच्यासमोर वाचतोय मी ताई. पण ते सगळं लिहिलेलं असतं. न लिहिलेलं तोंडातून निघत नाही."

मला इतकं भरून आलं की चिडताही येईना. वर येऊन पुष्पाबेनला सांगितलं. तिनं आधी खैरनारच्या सात पिढ्यांचा सुरतीत उद्धार केला, म्हणजे तिचंही मन भरून आलं होतं. मग लाल पेन उचललं.

"काम पूरुं ज नथी थवा देवुं!"

आणि काम पुरं होऊच द्यायचं नाही म्हणून तिनं एका धडधडीत बरोबर नावाभोवती लाल गोल काढला.

झालं! सगळी खोली सामील झाली. जन्मात एक चूक सोडली नाही अशी आम्ही माणसं, आता बरोबर असलेल्याला चूक ठरवायला लागलो. गोल केलेलं सगळं पुन्हा कॉम्प्युटरवर जायचं, पुन्हा छापून यायचं, आणि पुन्हा तपासणीला खैरनार-हेतलच्या टेबलावर. कॉम्प्युटरवाला मुलगा रडकुंडीला आला. "पुष्पाबेन, यात चूक काय आहे? पुरुष लिहिलंय तिथे पुरुषच भरलंय!"

"हुं एने ओळखुं छुं," पुष्पाबेन म्हणाली. "अमारा बारडोलीनो छे. बायकोपुढे शब्द काढत नाही. पुरुष कशाचा? गोल!"

काम संपत आलं की चुका कमी व्हायला हव्यात. आमच्या वाढत चालल्या. तक्त्यावर चुकांचाही आकडा असायचा, तो वर जायला लागला आणि एका सकाळी साहेब खोलीत आले. शेवटचा गठ्ठा उचलला, केबिनमध्ये नेला आणि दार लावलं.

ज्या साहेबांना चुकलेला स्वल्पविराम चालत नव्हता, त्यांच्या हातात आमचे ते खोटे गोल! पुष्पाबेननं लाल पेन टेबलाच्या खणात लपवलं. खैरनारला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. तो आपला खिडकीबाहेर बघत होता. हेतल खाली मान घालून बसली होती.

जेवणाची सुट्टी झाली, संपली. साहेब बाहेर आले. गठ्ठा माझ्या हातात दिला.

"गोरेबेन, हा शेवटचा गठ्ठा मी स्वतः तपासला. यात फार चुका आहेत. पुन्हा पहिल्यापासून कॉलिंग करावं लागेल. घाई करायची नाही." मग घसा साफ करून म्हणाले, "हेतल अने खैरनार, बे ज जणा. बाकीच्यांनी मध्ये पडू नये."

ते गेल्यावर मी गठ्ठा उघडला. आमच्या प्रत्येक लाल गोलाशेजारी साहेबांच्या हिरव्या पेन्सिलीची बारीक टिक होती. एकूण एक. म्हणजे तिथे चूक नाही हे त्यांना कळलं होतं. आणि शेवटच्या पानावर इंग्रजीत शेरा होता, मोठ्या प्रमाणात चुका, फेरतपासणी आवश्यक, आणि खाली त्यांची पूर्ण सही!

पुष्पाबेननं ते पान बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. साहेबांना तिनं एक शिवी दिली. हळूच.

*

मग तो गठ्ठा चालू झाला. खैरनार वाचायचा, हेतल टिक करायची. गठ्ठा संपला की पुष्पाबेन तो दोरीत बांधून 'हजी भूल छे', अजून चूक आहे, म्हणत पुन्हा त्यांच्या टेबलावर आणून ठेवायची. साहेब केबिनच्या काचेतून बघायचे आणि वर्तमानपत्र वर करायचे. बाकी कुणालाच काही काम उरलं नव्हतं. आम्ही आपापल्या टेबलाशी कोरे कागद पुढे ओढून बसायचो आणि कान तिकडे.

धुळ्याहून साहेबांना विचारणा आली, माणूस कधी सोडता? साहेबांनी तो कागद खैरनारला दाखवला. "हवे मारा हाथमां नथी," आता माझ्या हातात नाही, एवढंच म्हणाले.

त्या दुपारी खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. खैरनारनं फॉर्म उचलला.

"चौधरी सुकदेव बुधा."

हेतलची टिक ऐकू आली नाही.

"चौधरी सुकदेव बुधा," खैरनारनं पुन्हा वाचलं. "पत्ता, लिंबायत. नॉमिनी, आई."

हेतलनं पेनचं टोपण लावलं आणि पेन खाली ठेवलं. वर्षभरात कामाच्या वेळी तिनं पहिल्यांदाच मान वर केली असेल.

"आ आपणे काले पण वांच्युं," ती म्हणाली. "परम दिवसे पण वांच्युं. एमां एक पण भूल नथी, ए मने पहेला दिवसथी खबर छे. हवे तमे बीजुं कंई कहेवाना छो, के हुं ज कही दऊं?"

तुम्ही दुसरं काही सांगता की मीच सांगून टाकू, असं ती सरळ विचारत होती! खैरनारनं फॉर्म खाली ठेवला. त्यानं आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी कोऱ्या कागदांत डोकी खुपसली.

"मी... मी सांगतो," तो पुटपुटला. "पण हे सगळे ऐकताहेत."

हेतलनं एकदा आमच्यावरून नजर फिरवली. केबिनच्या काचेकडेही बघितलं. तोवर त्या खोलीत तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

"ऐकू देत," हेतल म्हणाली. "साक्षीदार लागतीलच ना!"